वादळ मोजणारे शेतकरी

१९९८च्या ऑक्टोबरअखेर 'मिच' नावाचं चक्रीवादळ होंडुरासच्या किनाऱ्याजवळ येऊन रेंगाळलं. वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाऊस थांबेना. डोंगर भिजून भिजून सैल झाले. निकाराग्वात कासिता नावाच्या ज्वालामुखीची एक कड ३० ऑक्टोबरला सुटली आणि पायथ्याच्या वस्त्यांमधली दोन हजारांवर माणसं चिखलाखाली गेली. सगळ्या मध्य अमेरिकेत मिळून मृतांचा आकडा दहा हजारांच्या पुढे पोचला.

पाणी उतरल्यावर डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांच्या नजरेत एक गोष्ट भरली. एकाच उतारावर, एकमेकांना लागून दोन रानं. एकात माती बरीचशी जागेवर, दुसऱ्यात खाली मुरूम-खडक उघडा पडलेला. पहिलं रान बहुतेक वेळा अशा माणसाचं असायचं, ज्यानं काही वर्षांपासून समपातळीत चर खोदले होते, चरांच्या काठावर गवत लावलं होतं आणि पाचोळा, धसकटं जाळण्याऐवजी रानातच कुजू दिली होती.

पण 'आमच्या पद्धतीनं माती वाचली' असं चार एकरवाल्या माणसानं म्हटलं तर कोण ऐकतं? राजधानीत पुनर्बांधणीच्या योजना आखल्या जात होत्या, परदेशी मदतीचे आकडे जाहीर होत होते. तेव्हा या शेतकऱ्यांनी ठरवलं, नुसतं सांगायचं नाही. मोजायचं.

१९९९च्या सुरुवातीला होंडुरास, निकाराग्वा आणि ग्वाटेमाला या तीन देशांतल्या ३६० वस्त्यांमध्ये शेतकरी आणि तंत्रज्ञांचे शंभर गट फिरले. चाळीस संस्था-संघटना त्यात होत्या. 'वर्ल्ड नेबर्स' या संस्थेनं जुळवाजुळव केली आणि एरिक होल्ट-हिमेनेझ या अभ्यासकानं पद्धत बसवायला मदत केली. एकूण १,८०४ रानं मोजली गेली, तीही जोडीजोडीनं: एक मातीची काळजी घेणारं, दुसरं शेजारचं नेहमीच्या पद्धतीचं. दोन्हींचा उतार, दिशा, जागा शक्य तितकी सारखी. प्रत्येक रानात खड्डा खणायचा, वरच्या सुपीक मातीचा थर किती जाड उरलाय ते बघायचं, ओल किती खोल आहे ते बघायचं, किती घळी पडल्या ते मोजायचं, पिकाचं नुकसान लिहायचं. शेजाऱ्याच्या रानात जाताना शेजाऱ्यालाही सोबत घ्यायचं.

निकाल असा आला की जपलेल्या रानांत वरची माती शेजारच्यापेक्षा २० ते ४० टक्के जास्त उरली होती. ओल जास्त होती, धूप कमी होती, पैशाचं नुकसानही कमी होतं.

हा अभ्यास वाचताना मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते मोजणाऱ्यांचं. तीन देशांतले सुमारे दोन हजार शेतकरी, त्यांतले कित्येक जेमतेम अक्षरओळख असलेले, एकाच पद्धतीनं खड्डा खणतात आणि एकच तक्ता भरतात. एवढी माणसं वादळानंतर दोन-तीन महिन्यांत कुणी बोलावली? ती बोलावावी लागली नाहीत, कारण ती पंचवीस वर्षांपासून एकमेकांच्या रानात जात होती. मध्य अमेरिकेत या चळवळीला 'काम्पेसिनो आ काम्पेसिनो' म्हणतात. शब्दशः 'शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे'.

सान मार्तीन, १९७२

ग्वाटेमालाच्या चिमाल्तेनांगो प्रांतात सान मार्तीन हिलोतेपेके हे गाव आहे. आजूबाजूच्या डोंगरांत काक्चिकेल भाषा बोलणारे माया लोक राहतात. सपाट, सुपीक जमिनी मोठ्या मळेवाल्यांकडे आणि उतारावरची रानं माया कुटुंबांकडे, ही वाटणी शतकांची. मका हे मुख्य पीक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मक्याचा उतारा हेक्टरी ४०० किलोच्या आसपास होता, म्हणजे आपल्या हिशेबात एकरी जेमतेम दीड क्विंटल. त्यावर वर्ष निघत नसे. मग माणसं किनाऱ्यावरच्या ऊस, कापूस आणि कॉफीच्या मळ्यांत हंगामी मजुरीला जात. आपल्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसारखंच, मागे कुलूप आणि म्हातारी माणसं.

१९७२मध्ये 'वर्ल्ड नेबर्स' आणि ब्रिटनच्या 'ऑक्सफॅम'नं इथे काम सुरू केलं. मार्कोस ओरोस्को नावाचा ग्वाटेमाली शेतीतज्ज्ञ मृदसंधारण शिकवत होता. त्याच्या शिकवणीत यंत्रं नव्हती. दोन काठ्या 'अ'सारख्या बांधायच्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. ही चौकट चालवत चालवत उतारावर समपातळीची रेघ आखायची आणि त्या रेघेवर चर खोदायचा. पाणी चरात थांबतं, माती काठावरच्या गवतात अडकते. शेणखत आणि कुजवलेला पालापाचोळा टाकायचा. बस.

याच कामात रोलंड बंच हा अमेरिकन कार्यकर्ता होता. या अनुभवावर त्यानं १९८२मध्ये 'टू इअर्स ऑफ कॉर्न' हे पुस्तक लिहिलं. त्यातली शिस्त साधी वाटते, पण पाळायला अवघड आहे. एका वेळी एक-दोनच गोष्टी शिकवायच्या. त्या आधी रानाच्या एका कोपऱ्यात करून बघायच्या, सगळ्या रानात नाही. फायदा पहिल्याच हंगामात डोळ्यांना दिसला पाहिजे. आणि ज्याच्या कोपऱ्यात फरक पडला, त्यानंच पुढच्या गावाला शिकवायला जायचं.

शेवटच्या वाक्यात सगळं आहे. शिकवायला जाणाऱ्याला 'प्रोमोतोर' म्हणत. त्याच्याकडे पदवी नसे. त्याच्याकडे एक रान असे, जे येऊन बघता येई. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण श्रोते त्याच्या मक्याची कणसं हातात घेऊन बघणारे होते. शिवाय तो काक्चिकेलमध्ये बोलायचा. सरकारी माणसं येत ती स्पॅनिशमध्ये बोलत.

काक्चिकेल समाजात एकमेकांच्या कामाला जाण्याची जुनी रीत आहे. तिला 'कुचुबाल' म्हणतात. आपल्याकडे सावड किंवा इर्जिक म्हणतो ना, तीच गोष्ट. आज सगळे तुझ्या रानात, उद्या माझ्या. चर खोदणं एकट्याचं काम नाही, त्यामुळे नव्या तंत्राला जुनी सावड मिळाली. १९७९पर्यंत सान मार्तीनच्या कार्यक्रमातल्या गावांत मक्याचा उतारा हेक्टरी अडीच टनांवर गेला होता. सात वर्षांत सहापट.

मका वाढला, मग बंदुका आल्या

इथवरची गोष्ट एखाद्या संस्थेच्या अहवालात शोभेल. पण माणसाच्या रानात वर्षाचं धान्य पिकायला लागलं की तो मजुरीला जाणं बंद करतो, किंवा मजुरी वाढवून मागतो. मळेवाल्यांचं गणित डोंगरातल्या उपासमारीवर उभं होतं. मका सहापट होणं हा त्यांच्या दृष्टीनं धोका होता.

ग्वाटेमालात १९६० पासून यादवी चालू होती. १९७६च्या फेब्रुवारीत भूकंप झाला, तेवीस हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि चिमाल्तेनांगोला त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला. त्यानंतर गावोगावी सहकारी संस्था, समित्या, संघटना उभ्या राहिल्या. लष्कराच्या नजरेत संघटित माया शेतकरी म्हणजे कम्युनिस्ट. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दडपशाहीनं टोक गाठलं. गावं जाळली गेली. प्रोमोतोर मारले गेले, काही बेपत्ता झाले, उरलेले परागंदा झाले. पुढे १९९९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं नेमलेल्या सत्यशोधन आयोगानं या यादवीतल्या मृत आणि बेपत्ता माणसांचा अंदाज दोन लाख सांगितला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते.

शेणखत आणि समपातळी चर शिकवणं हे जिवावर बेतणारं काम होऊ शकतं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं. आज 'शाश्वत शेती' हा शब्द बँकांच्या जाहिरातीत आणि कंपन्यांच्या अहवालात इतका गुळगुळीत झालाय की त्याच्या मागे जमीन कुणाची आणि मजुरी कुणाची हा प्रश्न होता, हे विसरायला होतं.

चालत गेलेलं ज्ञान

पण तोवर एक गोष्ट घडून गेली होती. मेक्सिकोतल्या त्लाश्काला राज्यात विसेंते गेररो नावाचं एक छोटं गाव आहे. कोरडवाहू, झिजलेल्या मातीचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या शेतकऱ्यांचा आणि काक्चिकेल प्रोमोतोरांचा संबंध आला. काक्चिकेल शेतकरी मेक्सिकोत गेले, मेक्सिकन शेतकरी ग्वाटेमालात येऊन रानं बघून गेले. एका देशात शिकवणारे मारले जात असताना शिकवण दुसऱ्या देशात रुजली होती.

१९८७मध्ये पुढचं पाऊल पडलं. निकाराग्वात तेव्हा सांदिनिस्ता सरकार होतं, अमेरिकेच्या पाठबळावरच्या कोन्त्रा बंडखोरांशी युद्ध चालू होतं आणि अमेरिकेचा व्यापारबंदीचा फास होता. सरकारी शेतीधोरण ट्रॅक्टर आणि रासायनिक खतांवर उभं होतं आणि तीच मिळेनाशी झाली होती. तिथल्या 'उनाग' या शेतकरी संघटनेनं त्लाश्कालाच्या शेतकऱ्यांना बोलावलं. बोआको प्रांतातल्या सान्ता लुसिया गावात पहिली शिबिरं झाली. मेक्सिकन पाहुण्यांनी भाषणं केली नाहीत. उघडी माती आणि पालापाचोळ्यानं झाकलेली माती शेजारी ठेवून दोन्हींवर पाणी ओतायचं, कुठलं पाणी गढूळ होऊन वाहतं ते सगळ्यांनी बघायचं, अशी त्यांची रीत. मग लोकांनी आपापल्या रानात जाऊन तेच बघायचं.

या चळवळीत एक चित्र हातोहात फिरलं. चालणारा शेतकरी. त्याचे दोन पाय म्हणजे प्रयोग आणि एकजूट. दोन हात म्हणजे उत्पादन आणि रक्षण, एका हातानं पिकवायचं, दुसऱ्यानं माती-पाणी-रान जपायचं. हृदयात माणसांबद्दल आणि निसर्गाबद्दल माया, डोळ्यांत पुढचं दिसणं, तोंडात दुसऱ्याला सांगण्याची ताकद. एका पायावर लंगडत जाता येतं, चालता येत नाही. मला हे चित्र आवडतं कारण त्यात ज्ञान हे डोक्यात साठवायची वस्तू म्हणून येत नाही. ते पायांत आहे.

आणि कधीकधी ते बियाण्यात असतं. आपल्याकडच्या रानात खाजकुइली असते. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की काय होतं हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिच्याच कुळातला, कमी खाजरा असा एक वाण आशियातून अमेरिकेत पोचला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केळीच्या कंपन्यांनी तो मध्य अमेरिकेत आणला, मळ्यांतल्या खेचरांना चारा म्हणून. पुढे खेचरांची गरज संपली, कंपन्या वेल विसरल्या. पण डोंगरातल्या शेतकऱ्यांनी पाहिलं होतं की ही वेल जिथे पसरते तिथे तण मरतं आणि नंतर मका जोमात येतो. होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या डोंगरांत सत्तरच्या दशकापासून मक्याच्या रानात खाजकुइलीचं हिरवळीचं खत करण्याची पद्धत पसरली. एकानं दुसऱ्याला मूठभर बी दिलं आणि सांगितलं, टाकून बघ. कुठल्या खात्याची योजना त्यामागे नव्हती. शास्त्रज्ञ नंतर आले आणि त्यांनी मोजलं. बिया भाजून, दळून लोक कॉफीसारख्या पीत, म्हणून काही ठिकाणी या वेलीचं नावच 'नेसकॅफे' पडलं.

एका रानाचं काम नाही

पुन्हा मिचच्या मोजणीकडे येऊ, कारण तिनं चळवळीला एक कडू गोष्टही दाखवली. जिथे पाऊस अतिप्रचंड झाला, उतार फारच तीव्र होता, तिथे दोन शेजारच्या रानांतला फरक कमी होत गेला. दरड कोसळली तिथे तर दोन्ही रानं सारखीच गेली. कितीतरी ठिकाणी खालच्या शेतकऱ्यानं सगळं नीट केलं होतं, पण वरचा डोंगर बोडका होता. वरून आलेला चिखल त्याचे चर भरून पुढे गेला.

म्हणजे माती एका सातबाऱ्यात जपता येत नाही. पाणी माथ्यावरून पायथ्याकडे येतं, त्याला मालकीच्या हद्दी दिसत नाहीत. आपल्याकडे पाणलोटाचं काम केलेली गावं 'माथा ते पायथा' म्हणतात ते याचसाठी. आणि वरचा डोंगर बोडका का? कारण तिथे ढकलली गेलेली कुटुंबं भूमिहीन असतात किंवा त्यांच्याकडे जमिनीचा कागद नसतो. उद्या हुसकावतील या भीतीत जगणारा माणूस दहा वर्षांनी फळ देणारं झाड कशाला लावेल? मोजणी करता करता शेतकरी परत जमिनीच्या प्रश्नावर येऊन पोचले, जिथून सान मार्तीनची गोष्ट सुरू झाली होती.

मोजणीचे निष्कर्ष घेऊन ते सरकारी दारातही गेले. पुनर्बांधणीच्या मोठ्या योजनांवर त्याचा परिणाम थोडाच झाला. रस्ते आणि पूल आधी आले. शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे माहिती फार वेगानं गेली होती, शेतकऱ्याकडून मंत्रालयाकडे जायची वाट मात्र तयार झालेली नव्हती. आणखी एक उणीव चळवळीतच होती. सुरुवातीच्या काळात प्रोमोतोरांमध्ये पुरुषच जास्त होते. आठ-आठ दिवस दुसऱ्या गावाला शिकवायला जाणं ज्या घरातल्या बाईला शक्य नव्हतं, तिचं ज्ञान परसबागेच्या कुंपणाआड राहिलं.

क्युबा: जिथे वाट सापडली

ही वाट क्युबात वेगळ्या रीतीनं तयार झाली. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाचं डिझेल, खतं, कीटकनाशकं, सुटे भाग सगळं अचानक आटलं. ट्रॅक्टर उभे राहिले, बैल परत आले. तिथल्या 'अनाप' या लहान शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९७मध्ये मध्य अमेरिकेतली पद्धत उचलली. विया क्लारा प्रांतात सुरुवात झाली.

अनापनं पद्धतीत भर घातली. शेतकरी प्रोमोतोर तर होतेच, पण त्यांना जोडणारे सहायक आणि समन्वयक नेमले, आणि कोणाच्या रानात काय बघण्यासारखं आहे याची नोंद ठेवली. म्हणजे कुणाला भात-किडीचा प्रश्न आला तर सहायकानं उत्तर द्यायचं नाही, त्यानं विचारणाऱ्याला योग्य माणसाच्या रानात पोचवायचं. सुरुवातीच्या दोन-तीनशे कुटुंबांवरून दहा वर्षांत ही संख्या एक लाखाच्या पुढे गेली, म्हणजे देशातल्या शेतकरी कुटुंबांपैकी साधारण एक तृतीयांश. क्युबा आजही बरंच अन्न आयात करतो, त्यामुळे या गोष्टीला चमत्कार म्हणायचं कारण नाही. पण संघटनेचा कणा असेल तर एका प्रांतातली गोष्ट देशभर किती लवकर पोचते, याचा हा नमुना आहे.

इंदूरहून निघालेली वही

इथे मला आपल्या जवळचा एक जुना धागा आठवतो. अल्बर्ट हॉवर्ड हा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ होळकरांच्या इंदुरात शेती संशोधन संस्था चालवत होता. शेण, पालापाचोळा, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करायची 'इंदूर पद्धत' तिथे आकाराला आली. १९३१च्या पुस्तकावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचं नाव सहलेखक म्हणून आहे. भारतातले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले प्राध्यापक, असं हॉवर्ड मानायचा. त्याच्या काळाच्या साहेबांमध्ये ही दुर्मीळ गोष्ट.

ही पद्धत जगभर गेली. पत्रांतून, पुस्तिकांतून, व्याख्यानांतून. केनियाच्या, टांगानिकाच्या आणि थेट कॉस्टा रिकाच्या कॉफीच्या मळ्यांत ती तिसाच्या दशकात वापरली गेली. म्हणजे मध्य अमेरिकेत इंदूरचं खत काक्चिकेल प्रोमोतोरांच्या चाळीस वर्षं आधी पोचलं होतं! पण ते मळेवाल्यांकडे पोचलं. एका तज्ज्ञानं लिहायचं, मालकानं वाचायचं, मजुरानं ढीग पालथा करायचा. पद्धत प्रवासाला निघाली तेव्हा जिनं ती शिकवली त्या माळव्यातल्या शेतकऱ्याचं नाव मागे राहिलं, आणि हॉवर्डचं नाव जगभर झालं. वाडांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

दोन्ही जाळी आंतरराष्ट्रीयच. फरक एवढाच की एकात कृती पोचली आणि दुसऱ्यात शिकवण्याचा अधिकार पोचला.

चामराजनगर आणि अमरावती

१९९३मध्ये बेल्जियमच्या मोंस शहरात निरनिराळ्या देशांच्या शेतकरी संघटनांनी 'ला व्हिया काम्पेसिना' हा जागतिक संघ स्थापन केला. मध्य अमेरिकेतल्या आणि क्युबातल्या संघटना त्यात आल्या. भारतातून प्रा. नंजुंडस्वामींचा 'कर्नाटक राज्य रयत संघ' आला. रयत संघ आधी ओळखला जायचा तो डंकेल मसुद्याविरुद्धच्या आंदोलनांसाठी. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला रस्त्यावर उतरवता येतं, पण घरी परतल्यावर तो करणार काय, हा प्रश्न होताच.

त्याचं एक उत्तर विदर्भातून आलं. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचं जीवामृत आणि आच्छादन यांवर शिबिरं घेत होते. २००० नंतर रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी कर्नाटकात त्यांची शिबिरं भरवायला सुरुवात केली. पाच-पाच दिवस, शेकडो-हजारो शेतकरी, सगळी व्यवस्था स्वयंसेवी. चामराजनगरजवळ 'अमृत भूमी' हे रयत संघाचं केंद्र उभं राहिलं, तिथे दक्षिण आशियातल्या इतर देशांचे शेतकरीही शिकायला येऊ लागले. २०१६मध्ये पाळेकरांना पद्मश्री मिळाली आणि त्याच सुमाराला आंध्र प्रदेश सरकारनं नैसर्गिक शेतीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याचा पाया बायकांच्या बचत गटांवर आहे आणि शिकवणारे बरेच जण स्वतः शेतकरी आहेत. मध्य अमेरिकेत राहून गेलेली एक उणीव इथे निदान सुरुवातीलाच लक्षात घेतली गेली.

पाळेकरांच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत, वाद आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. माझी शंका वेगळी आहे. व्यासपीठावर एक गुरू आणि समोर हजार शिष्य, ही रचना इंदूरच्या वहीच्या जास्त जवळची आहे. शिबिर संपल्यावर गावात परत गेलेले शेतकरी एकमेकांच्या रानात जातात का, आपल्या मातीप्रमाणे कृती बदलतात का, यावर ते जाळं टिकणार. कर्नाटकात जिथे ही पद्धत टिकली, तिथे शिबिरानंतरच्या या गाठीभेटींचा वाटा मोठा होता.

आणि शिकण्याला वगळून फर्मान काढलं तर काय होतं, ते आपण शेजारी पाहिलं. एप्रिल २०२१मध्ये श्रीलंकेच्या सरकारनं रासायनिक खतांच्या आयातीवर एका झटक्यात बंदी घातली. लाखो शेतकऱ्यांना एका हंगामात न शिकलेली शेती करायला सांगितलं. भाताचं उत्पादन घसरलं आणि वर्ष संपायच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. सान मार्तीनच्या शेतकऱ्यांनी रानाचा एक कोपरा बदलून बघितला होता. इथे एका सहीनं सगळा देश बदलायचा होता.

सहा वर्षांचं आयुष्य

आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आज शेतीचे दोन-चार तरी ग्रुप आहेत. माझ्याही आहेत. फवारणीचं प्रमाण, बाजारभाव, कुठल्यातरी देशातल्या ठिबकचा व्हिडिओ, सगळं पाच मिनिटांत येतं. याला जाळं म्हणायचं का, असा प्रश्न मला या इतिहासानं दिला आणि त्याचं उत्तर शोधताना मला एका अभ्यासाचा आधार वाटतो.

सान मार्तीनचा कार्यक्रम १९७९मध्ये बंद झाला. मग यादवी झाली. १९९४मध्ये, पंधरा वर्षांनी, रोलंड बंच आणि गाबिनो लोपेस तिथे आणि होंडुरासच्या दोन जुन्या कार्यक्षेत्रांत परत गेले. त्यांना बघायचं होतं की शिकवलेलं काय काय उरलंय. बरीचशी तंत्रं उरली नव्हती. त्यांनी हिशेब मांडला की एखाद्या तंत्राचं अर्धं आयुष्य साधारण सहा वर्षांचं असतं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मे लोक ते सोडून दुसरं काहीतरी करतात. सरकारी तपासनीसानं तिथेच 'योजना अयशस्वी' असा शेरा मारला असता.

पण सान मार्तीनमध्ये मक्याचा उतारा हेक्टरी अडीच टनांवरून साडेचार टनांवर गेला होता. संस्था निघून गेलेली, प्रोमोतोर मारले गेलेले, मध्ये युद्ध होऊन गेलेलं, तरीही. लोकांनी जुनी तंत्रं टाकली होती कारण त्यांना त्याहून बरी सापडली होती. नवी पिकं, नवी झुडपं, नवी हिरवळीची खतं त्यांनी स्वतः शोधली होती आणि एकमेकांना दिली होती. शिकवलेलं सहा वर्षांत जुनं झालं. रानाचा एक कोपरा प्रयोगासाठी राखून ठेवायची आणि निष्कर्ष शेजाऱ्याला सांगायची सवय मात्र तिथेच राहिली होती. मिचनंतर हातात फावडं घेऊन तीन देशांत माती मोजत फिरलेली माणसं ह्याच सवयीतून आलेली होती.